साहेबांचे हात

गोरेगाव, मुंबई
२ जून २०२४

आदरणीय आबा आणि आक्का,
सप्रेम जयभीम.

फोनवरचं बोलणं हवेत जातं, कागदावरचं घरात राहतं, असं आबा म्हणतात. म्हणून महिन्याला एक पत्र लिहायचं कबूल केलं होतं, ते लिहायला बसलोय. तसाही ड्युटीवर फोन बाहेर जमा करावा लागतो. आक्का, तू दिवसा फोन करतेस आणि मी उचलत नाही, त्याला कारण एवढंच.

बीडचा दवाखाना सोडून इथं आलो त्याला सव्वा वर्ष झालं. तिथं अकरा वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली, पण असा सर्जन पाहिला नव्हता. आबांनी मागच्या पत्रात धर्माधिकारी साहेबांबद्दल आणखी लिही म्हणून कळवलं होतं. काय लिहू? साहेब कोणाशी बोलत नाहीत. जेवतात एकटे. ऑपरेशनच्या आधी दहा मिनिटं हात धुतात, कोपरापर्यंत, आणि तेवढा वेळ कोणी शिंकलेलंसुद्धा त्यांना चालत नाही. पेशंटच्या तोंडाकडे बघत नाहीत. एका नव्या नर्सनं धीर करून कारण विचारलं तर म्हणाले, "चेहरा बघितला की मी नातेवाईक होतो. मग चाकू कोणी धरायचा?" ऑपरेशन झालं की बाहेर लोक पाया पडायला उभे असतात. साहेब मागच्या दाराने निघून जातात.

मागच्या आठवड्यात एका मंत्र्याचं ऑपरेशन होतं. टेबल तयार, सगळे तयार. तेवढ्यात आमच्याकडे झाडू मारणारी बाई पोट धरून जिन्यात कोसळली. साहेबांनी मंत्र्याला बाजूला ठेवलं आणि तिला आत घेतलं. मंत्र्याची माणसं दारावर हात आपटत होती. साहेब आतूनच म्हणाले, "त्यांना सांगा, पोट सगळ्यांचं एकाच जागी असतं." बाई वाचली.

आबा, त्या वेळी साहेबांच्या शेजारी मी होतो. ते बघतसुद्धा नाहीत, नुसता हात पुढे करतात आणि काय पाहिजे ते मला कळतं.

तब्येतीला जपा. आक्का, अंगणवाडीचं तुझं मानधन वेळेवर होतंय का ते कळव.

तुमचा,
जीवन


उमापूर, ता. गेवराई
२५ जून २०२४

चि. जीवन,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आबांनी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाचून दाखवलं, मग स्वतः मनात वाचलं, आणि संध्याकाळी विहारात रामकिसन मास्तरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मंत्र्याचा किस्सा आला तेव्हा मास्तर म्हणाले, "शहादेव, पोरगं नशीब घेऊन आलं." आबा म्हणाले, "नशीब न्हाई मास्तर, हात. त्येच्या हातात हाय ते." आता पत्र सदऱ्याच्या खिशात असतं. चहाच्या हॉटेलात कोणी भेटलं की निघतं बाहेर.

आता जे लिहायचंय ते लिहिते. आबांच्या पोटात शिमग्यापासून दुखत होतं आणि संडासवाटे रक्त पडत होतं. मला सांगितलं नाही. मी धोतर धुताना बघितलं. गेवराईला नेलं, तिथून संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. नळी घालून तपासलं, तुकडा काढून तपासायला दिला. आतड्यात गाठ आहे आणि ती चांगली नाही. पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, गाठ बारीक आहे, कापून काढली तर माणूस पुढं चांगला जगतो. योजनेत बसतंय, पैशाचा प्रश्न नाही. २२ जुलैची तारीख दिलीय.

आणि आता आबांचं ऐक. येताना एसटीत, शहागड ओलांडल्यावर म्हणाले, "आमू, पोटाला चाकू लावायचा तर धर्माधिकारी साहेबाचाच लावायचा. जीवन हाय ना शेजारी उभा. मला काय भ्या?" मी म्हटलं, मुंबई लांब आहे. तर म्हणाले, "त्या झाडूवालीला घेतलं. मी तर त्येच्याच माणसाचा बाप."

तू साहेबांना विचार. आणि जे असेल ते स्पष्ट कळव. तारीख जवळ आहे.

आक्का


गोरेगाव, मुंबई
८ जुलै २०२४

आदरणीय आबा,
सप्रेम जयभीम.

आक्काचं पत्र मिळालं. दोन दिवस काही सुचलं नाही. तुम्ही एवढे दिवस लपवायला नको होतं.

आबा, संभाजीनगरचे डॉक्टर चांगले आहेत. तिथं रोज अशी ऑपरेशनं होतात. तारीख सोडू नका. साहेब सध्या परिषदेसाठी परदेशात गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. आले की विचारतो. पण त्यांच्याकडे नंबर लई लांबचे असतात, म्हणून म्हणतो, संभाजीनगरच बरं.

मला सुट्टी मिळाली तर मीही येईन.

तुमचा,
जीवन


उमापूर
४ ऑगस्ट २०२४

जीवन,

हे पत्र तुला एकट्याला आहे. आबांना मी सांगितलंय की अंगणवाडीचा अहवाल लिहितेय.

२२ जुलैला आम्ही संभाजीनगरला गेलो. भरती व्हायचं होतं. कपडे घातले, हाताला पट्टी बांधली. आणि आबा खाटेवरून उठले. नर्सला म्हणाले, "बाई, माझं नाव काढा. माझं पोरगं मुंबईच्या साहेबाला विचारणार हाय." मी हात धरला, रडले, त्या बाईनं समजावलं. त्यांनी तुझं पत्र काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आले की विचारतो." बाकीचं त्यांनी वाचलंच नव्हतं म्हण. तीच एक ओळ वाचली होती. संध्याकाळी आम्ही परत उमापुरात.

आता दुसरं. परवा दुपारी कौशल्याबाईंच्या नातीचं वजन घ्यायला त्यांच्या घरी गेलते. टीव्ही चालू होता. 'वॉर्ड नंबर अकरा' म्हणून मालिका आहे, तिचा जुना भाग दाखवत होते. डॉक्टर राजाध्यक्ष म्हणून एक सर्जन आहे त्यात. कोणाशी बोलत नाही. एकटा जेवतो. मी वजनकाटा लावत होते आणि कानावर आलं, "त्यांना सांगा, पोट सगळ्यांचं एकाच जागी असतं." मी वर बघितलं. झाडूवाली बाई टेबलावर होती. बाहेर मंत्र्याची माणसं दार बडवत होती.

कौशल्याबाई म्हणाल्या, "बस गं आम्रपाली, ह्यो डाक्टर लई भारी हाय."

मी बसले. तो नळाखाली हात धुवायला लागला. तोंड दाखवलं, मग नुसते हात दाखवले, अगदी जवळून. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. तू दुसरीत असताना शाळेच्या लोखंडी दारात तुझा अंगठा आला होता. ते नख तसंच उगवत राहिलं. मी तुला दहावीपर्यंत नखं कापून दिलीत, जीवन. मला तुझा हात ओळखू येणार नाही?

तू दवाखान्यात आहेस की नाहीस? धर्माधिकारी साहेब आहेत की नाहीत?

आबांना मी काहीच सांगितलेलं नाही. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, बातम्यांशिवाय टीव्ही बघत नाहीत, म्हणून एवढे दिवस निभावलं. त्यांचं वजन पाच किलो उतरलंय.

आक्का


गोरेगाव, मुंबई
११ ऑगस्ट २०२४

आक्का,

साहेब नाहीत. दवाखाना नाही. तू बघितलंस तेच आहे.

बीडचं काम मी सोडलं नव्हतं, मला काढलं. एका बाईचं पोट शिवायच्या आधी कापडाचे तुकडे मोजायचे होते. ते काम माझं. एक तुकडा कमी भरत होता. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुझं मोजणं चुकलं असेल, वेळ नको घालवू." शिवलं. नवव्या दिवशी ती बाई गेली. चौकशी झाली तेव्हा वहीवर सही माझी होती, सगळे बरोबर म्हणून. सही करायला लावली होती, पण केली मीच होती. त्यानंतर बीडात मला कोणी दारात उभं केलं नाही.

मुंबईत चार महिने मिळेल ते केलं. मग मालिकेला असा माणूस पाहिजे होता ज्याला टाका घालता येतो. राजाध्यक्षाचं काम करणाऱ्या नटाला सुई धरता येत नाही. त्याचं तोंड असतं, हात माझे. ऑपरेशनचं चित्रण असलं की मला त्याचा कोट घालून त्याच्या जागी उभं करतात आणि खांद्याखालचं तेवढं घेतात. रबराच्या पोटावर मी टाके घालतो, आक्का. चांगले घालतो. सगळे म्हणतात, वा. सेटवर फोन जमा करतात हे खरं होतं. खरं तेवढंच.

पहिल्या पत्रात सगळं लिहायचं म्हणून बसलो होतो. पण आबांनी शाळेत तीस वर्षं घंटा वाजवून मला बारावी सायन्सला घातलं. त्यांना काय लिहू? पोरगं रबर शिवतं म्हणून? मालिकेत जे दिवसभर बघायचो ते संध्याकाळी कागदावर उतरवलं. आबांनी उत्तरात आणखी मागितलं. मग थांबता आलं नाही.

आबांना आत्ताच काही सांगू नकोस. त्यांनी ऑपरेशन करून घ्यावं म्हणून मी काहीतरी करतो.

जीवन


उमापूर
१८ ऑगस्ट २०२४

जीवन,

काहीतरी करतो म्हणजे काय करतोस? आणखी एक पत्र लिहितोस?

गाडीत बस आणि ये. आबांसमोर बसून हे सगळं तुझ्या तोंडानं सांग. मारतील, शिव्या देतील, चार दिवस बोलणार नाहीत. पण दवाखान्यात जातील. मी सांगितलं तर माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवला तर पोराचं तोंड बघायला नको म्हणतील. हे माझं काम नाही.

संभाजीनगरला फोन करून मी नवीन तारीख मागितलीय. १७ सप्टेंबर म्हणाले. आता आबा भाकरी खात नाहीत, पातळ खिचडी तेवढी खातात.

ये.

आक्का


गोरेगाव, मुंबई
१ सप्टेंबर २०२४

आक्का,

कालचं झालं एकदाचं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तू फोनवर नाही नाही म्हणत शेवटी तयार झालीस, त्याबद्दल तुझे उपकार.

इकडे काय झालं ते तुला सांगतो. तो नट खऱ्यातही कोणाशी बोलत नाही. त्याच्या खोलीच्या दारात मी तीन दिवस उभा राहिलो. चौथ्या दिवशी मेकअप चालू असताना म्हणाला, "बोल." मी म्हटलं, "सर, माझे वडील मरायला टेकलेत. तुम्ही राजाध्यक्ष म्हणून व्हिडिओवर दोन मिनिटं बोललात तर ते ऑपरेशनला जातील. नाव तेवढं धर्माधिकारी सांगायचं." त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. हसला नाही. म्हणाला, "काय बोलायचं ते लिहून आण."

मी चांगलं एक पान लिहून दिलं. शहादेव काका, तुमचा मुलगा माझा उजवा हात आहे, मला तुमची काळजी आहे, मी स्वतः संभाजीनगरच्या डॉक्टरांशी बोललोय, तुम्ही नक्की बरे व्हाल, असं सगळं. त्यानं पेन घेतलं आणि निम्म्याहून जास्त खोडलं. म्हणाला, "हा माणूस असं बोलणार नाही. हा काळजी आहे म्हणत नाही. बरे व्हाल असं वचन हा कोणाला देत नाही. तसं बोललो तर तुझ्या वडिलांना खोटं वाटेल. तुझी पत्रं वाचलीत ना त्यांनी?" मला ते पटलं.

तू तिकडून बघितलंच असशील. केसपेपर हातात घेऊन त्यानं एका दमात केलं. संपल्यावर फोन माझ्या हातात दिला आणि निघून गेला.

आबा काय म्हणाले? १७ तारखेला तयार आहेत ना?

जीवन


उमापूर
८ सप्टेंबर २०२४

जीवन,

आबा काय म्हणाले ते लिहिते.

मी दार लावून घेतलं होतं. आबांनी अंघोळ केली होती, पांढरा सदरा घातला होता. फोन भिंतीला टेकवून ठेवला. तो माणूस दिसला तेव्हा आबा खाटेवरून उठून उभे राहिले. उभं राहवत नव्हतं, तरी. "जयभीम साहेब" म्हणाले.

त्यानं उत्तर दिलं नाही. कागदाकडे बघत म्हणाला, "पूर्ण नाव?"

"शहादेव भिवा ओव्हाळ."

मग तो थोडा थांबला. तुमच्या मालिकेत थांबतात तसं असेल. मग मान वर न करता म्हणाला, "शहादेव ओव्हाळ, तुमची केस मी घेणार नाही. संभाजीनगरला जा. तिथं होईल." आणि संपलं.

आबा बराच वेळ उभेच होते. मी म्हटलं, "बसा आबा." बसले. म्हणाले, "आमू, आडनाव विचारलं त्यानं."

मी म्हटलं, "आबा, कागदावर लिहायला विचारतात सगळ्यांना."

"कागद हातात हुता त्येच्या. नाव वाचायचं हुतं की. माझ्या तोंडून कावून वदवून घेतलं?" मग म्हणाले, "मंत्र्याला न्हाई म्हणला, तवा झाडूवालीसाठी म्हणला. मला न्हाई म्हणला ते कुणासाठी?"

जीवन, तू लहान होतास, तुला माहीत नाही. आबा शाळेत लागले तेव्हा पाण्याचा माठ भरायचं काम त्यांचं होतं. तेव्हाचे हेडमास्तर घरून पितळी तांब्या आणायचे. सात वर्षं आणला. कधी एक शब्द वाईट बोलले नाहीत, आबांना रजा द्यायचे, बोनसला सही करायचे. फक्त तांब्या आणायचे. आबांनी हे घरात एकदाच सांगितलं होतं, आई वारली त्या वर्षी. त्या दिवशी फोन बंद झाल्यावर मला म्हणाले, "त्यो बी असाच गोड हुता. तोंडाकडं बघायचा न्हाई."

आणि आता म्हणतात, एवढा मोठा डॉक्टर हात लावायचा नाही म्हणतो, तर जिथं पाठवतोय तिथंही कोणी काय करणार. मला कुठं नेऊ नको. १७ तारखेचं विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपतात. तुझी पत्रं खिशातून काढून ट्रंकेत ठेवलीत.

तू आणि तो नट, तुम्ही दोघांनी लई छान केलंत.

आक्का


गोरेगाव, मुंबई
१३ सप्टेंबर २०२४

आक्का,

त्यांना सगळं सांग. मी खोटा आहे म्हणून सांग. तो नट आहे, त्याला आमचं आडनाव काय आणि जात काय, काही माहीत नव्हतं, नाव विचारायचं त्यानं पात्रासाठी केलं, हे सांग. त्यांना कोणी नाकारलं नाही. मी नोकरीवरून हाकललेला माणूस आहे, हे सांग. बीडच्या बाईचंही सांग. काही ठेवू नकोस.

मी यायला निघालो होतो. दोनदा बसच्या थांब्यावर गेलो. दुसऱ्यांदा गेवराईची गाडी समोर लागली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मी पाय उचलला नाही. मला आबांसमोर उभं राहता येणार नाही, आक्का. तू म्हणशील ते ऐकून घेईन. पण हे मला जमणार नाही.

तू सांग.

जीवन


गोरेगाव, मुंबई
२४ नोव्हेंबर २०२४

आक्का,

परवा पोचलो. कामावर आलो. मी गावी होतो त्या नऊ दिवसांत त्यांनी दुसऱ्या एकाचे हात घेतले होते. ते भाग मी इथं बघितले. फरक कळत नाही.

आबांच्या जलदान विधीला सगळे माझ्याजवळ येऊन बसत होते. रामकिसन मास्तर माझा खांदा धरून म्हणाले, "तू मोठ्या दवाखान्यात असून नशिबात नव्हतं बघ." म्हणजे तू गावात कोणाला काही सांगितलेलं नाहीस. का नाही सांगितलंस?

निघताना एसटीच्या थांब्यावर तुला एक विचारलं होतं. लोक उभे होते म्हणून तू बोलली नाहीस. पुन्हा विचारतो. आबांना तू सगळं सांगितलंस त्यानंतर ते माझ्याबद्दल काय म्हणाले? जे असेल ते लिही.

जीवन


उमापूर
१ डिसेंबर २०२४

जीवन,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ट्रंक आवरत होते.

तुझं १३ सप्टेंबरचं पत्र मला १९ ला मिळालं. तोवर दुसरी तारीखही गेली होती. त्याच दुपारी आबांजवळ बसले आणि सांगितलं. अर्धं सांगून थांबले तर म्हणाले, "फुडं बोल." म्हणून सगळं सांगितलं. बीडची बाई, रबराचं पोट, त्या नटानं खोडलेला कागद. आबा ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, "म्हंजे मला न्हाई म्हणलं न्हाई कुणी?"

"न्हाई आबा."

"मग चल. गाडी सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही संभाजीनगरला होतो. डॉक्टर तेजश्री म्हणून एक तरुण बाई होती. तिनं आबांच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ दाबून बघितलं, मध्ये मध्ये त्यांच्या तोंडाकडे बघून विचारायची, "इथं दुखतंय? इथं?" मग फोटो काढले. तिसऱ्या दिवशी मला बाहेर बोलावून सांगितलं, यकृतात पसरलंय, आता कापून उपयोग नाही, आतड्याला वाट करून देऊ म्हणजे त्रास कमी होईल. मी आत आले तर आबा म्हणाले, "तिलाच बोलाव. मला ऐकायचंय." ती आली. खाटेवर बसली. आबांनी विचारलं, "बाई, जुलै म्हैन्यात आलो असतो तर?"

ती म्हणाली, "काका, आता तो विचार करू नका."

आबा म्हणाले, "बरं."

त्यांना कळलं. मी बघत होते, त्यांना कळलं.

त्यानंतर सात आठवडे होते. पोटाला पिशवी लावली होती, ती मी बदलायचे. शेवटचे दहा दिवस दुखणं गोळीनं थांबत नव्हतं. ते ओरडले नाहीत, पण खाटेची कड धरून धरून बोटं सुजली होती. १२ नोव्हेंबरला सकाळी गेले. तू दुपारी आलास.

गावात का नाही सांगितलं म्हणतोस. सांगून काय करू? आबांनी वर्षभर ज्यांना ज्यांना पत्र वाचून दाखवलं, त्यांच्या दारात जाऊन आबा फसले होते असं सांगत फिरू? तेवढं माझ्यानं होणार नाही. तुझ्यासाठी लपवलेलं नाही ते.

आणि सगळा दोष तुझाच आहे असंही मी म्हणत नाही. दोन ऑगस्टला मला कळलं होतं. त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर तारीख मिळाली असती. मी तुझ्या येण्याची वाट बघत बसले. तू सांगावंस असा माझा हट्ट होता. सहा आठवडे त्या हट्टात गेले. ते माझ्या अंगावर आहेत, मी ते दुसऱ्या कोणावर टाकणार नाही.

आता तू विचारलंस ते. दोन दिवस मी काय लिहावं याचा विचार केला. आबांनी तुला माफ केलं असं लिहिलं तर तू रडशील आणि तुला बरं वाटेल. शिव्या दिल्या असं लिहिलं तरी बरं वाटेल, बाप रागावला म्हणजे बाप होता असं वाटेल. यातलं एखादं लिहिणं मला अवघड नव्हतं. पण या घरात पत्रानं पुष्कळ झालं.

त्या सात आठवड्यांत आबा लई बोलले. आईबद्दल बोलले. माझ्या मोडलेल्या संसाराबद्दल पहिल्यांदाच बोलले, मला माहेरी परत आणलं ते बरं केलं म्हणाले. शाळेतल्या चिंचेबद्दल, गोदावरीच्या पुराबद्दल, अगदी कौशल्याबाईंच्या म्हशीबद्दलही बोलले. मी दोनदा मुद्दाम तुझा विषय काढला. एकदा म्हटलं, "आबा, जीवनला बोलावू?" त्यांनी पाणी मागितलं. दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा डोळे मिटून घेतले, झोपले नव्हते.

तुझ्याबद्दल ते काहीच म्हणाले नाहीत, जीवन. चांगलं नाही आणि वाईटही नाही. शेवटपर्यंत तुझं नाव घेतलं नाही.

आक्का